पाच ग्लास

तिसरा ग्लास डेलने नाकाशी नेला, तेव्हा त्याला कशाचाच वास आला नाही. पहिल्या दोघांचाही आला नव्हता.

त्याने ग्लास फिरवला, घोट घेतला, गालात घोळवला. डावी भुवई सवयीने आक्रसली. घोट पिकदाणीत गेला. मग त्याने सहज म्हणून टेबलापलीकडे पाहिलं. लुर्देसचा हात तिच्या ग्लासच्या पायाशी होता. मूठ मिटलेली.

"धूर," डेल म्हणाला. "विझवलेली सिगारेट. ही बाटलीत गेली तर आपण गेलो."

मालक ट्रेंटने गंभीरपणे मान हलवली.

डेल कोवाचिच हा नापा खोऱ्यातल्या त्या वायनरीचा मुख्य वाइनमेकर. महासाथीत त्याला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. तो अजून आलेला नव्हता. ही गोष्ट जगात एकट्या लुर्देसला ठाऊक होती. ती त्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून आली होती आणि आता त्याची सहायक होती. दोघांनी खुणा ठरवल्या. एक बोट म्हणजे उत्तम, दोन बोटं म्हणजे बेताची, मूठ म्हणजे ओतून टाक. बाकीचं काम रिवाजाने केलं. चाखताना मुख्याने आधी बोलायचं, तो बोलेपर्यंत इतरांनी फक्त थुंकायचं, असा तिथला रिवाज होता. तो कोणी पाडला ते माहीत नाही, पण पाडणारा मुख्यच होता हे नक्की.

नाक गेल्यापासून वायनरीला दोन सुवर्णपदकं मिळाली होती. एका मासिकाने डेलच्या नाकावर पानभर लेख लिहिला. सोबत फोटो होता, त्यात त्याची डावी भुवई वर गेलेली.

यंदा मात्र ऑगस्टात डोंगर पेटला. धूर वेलींवर आठवडाभर बसून राहिला. अशा द्राक्षांची वाइन आधी निमूट असते आणि बाटलीत गेल्यावर राखेची चव सोडते. कुठली टाकी भरायची आणि कुठली गटारात सोडायची, हे डेलने सांगायचं होतं. चुकला तर वायनरीचं नाव जाणार आणि त्याच्या आधी त्याचं. म्हणून आज सकाळी ट्रेंटने स्वतः दोघांपुढे पाच-पाच ग्लास भरून ठेवले होते. ट्रेंट सॉफ्टवेअरची कंपनी विकून या धंद्यात आला होता. त्याला वाइनमधलं फारसं कळत नसे आणि तेवढं त्याला कळत असे. मालकांत हा गुण दुर्मीळ.

चौथ्या ग्लासला भुवई जरा थरथरली. समोर दोन बोटं आली.

"बेताची," डेल म्हणाला. "फळ आहे, पण लाजतंय."

पाचव्याला भुवई वर गेली. समोर एक बोट.

"ही," डेल खुर्चीत मागे रेलला. "सीडरचं लाकूड, तंबाखूचं पान, शेवटी ओली माती. हिच्या बाटलीवर खुशाल माझं नाव छापा."

ट्रेंट वाकला आणि त्याने टेबलाखालून एक पुठ्ठ्याचं खोकं काढून वर ठेवलं. खोक्याला प्लास्टिकचा नळ होता. खोक्यावर मावळत्या सूर्याचं चित्र.

"पाचही ग्लास यातले, डेल. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली सगळ्यात स्वस्त वाइन. लुर्देसने सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता."

डेलने लुर्देसकडे पाहिलं. तिने हात टेबलाखाली घेतला होता.

"तुम्हाला मी काढत नाही," ट्रेंट उठत म्हणाला. "वेली बघा. तिथे नाक लागत नाही. आजपासून हे टेबल लुर्देसचं."

तो गेला. खोकं राहिलं.

"माझ्या मुलीच्या लग्नात तू करवली म्हणून मिरवलीस," डेल म्हणाला.

"हो."

"माझ्या घरी जेवतेस दर रविवारी."

"हो, डेल."

"सांगितलंस, ठीक. खुर्ची हवी होती, घेतलीस. पण वर मला माकडासारखं नाचवायचं काय कारण होतं? एकच वाइन आणि मूठ काय, दोन बोटं काय. मजा आली?"

"ते मी नाही केलं." लुर्देसने पहिल्यांदा मान वर केली. "खोक्याचं मला नव्हतं ठाऊक. त्याने मलाही नाही सांगितलं. खुर्चीचंही नाही. मला वाटलं, तो बाहेरून कोणीतरी आणेल. शाबूत नाकाचा माणूस. यंदा धूर आहे. यंदा आपल्या दोघांवर सोडून चाललं नसतं."

"दोघांवर?" डेलने तिसरा ग्लास उचलला, मग पाचवा. दोन्ही उजेडात धरले. "थांब. खोक्याचं तुला ठाऊक नव्हतं. मग यात तुला धूर लागला कुठे?"

लुर्देसने आपला ग्लास पिकदाणीत ओतला.

"मला कधीच काही लागलं नाही, डेल. शिकाऊ होते तेव्हापासून मी नुसती तुझी भुवई बघत आलेय."