खांद्यावरचा हात

फोटोतून धाकटा शालिक निघाला की कापसाच्या पहिल्या बक्षिसाची ढाल एकट्या बबनरावांची होणार होती. राळेगावात उघडणाऱ्या कृषी केंद्राच्या पाटीवर मानकरी एकटाच दिसणार होता, आणि "धाकटे कुठं हायेत?" असं कोणी गिऱ्हाईक विचारणार नव्हतं. एक माणूस पुसून एवढं पदरात पडत असेल, तर सौदा वाईट नव्हता.

अडचण एवढीच, की पुसायचा कोणी? चौकातल्या स्टुडिओवाल्याला सांगावं, तर दुपारच्या आत एसटी स्टँडवर बातमी : सख्ख्या भावाला फोटोतूनही वेगळं काढलं! वाटण्या होऊन, अंगणात भिंत उभी राहून वर्ष झालं, तरी लोकांची त्या भिंतीवरची नजर हलत नव्हती. म्हणून पन्नाशी उलटलेले बबनराव दुकानाच्या नव्या कम्प्युटरपुढे स्वतःच बसले. दसऱ्याला उद्घाटन होतं.

सगळे नावाजत होते ते सॉफ्टवेअर दर महिन्याला भाडं मागायचं. "फोटो माहा, भाऊ माहा, अन् भाडं कायचं?" म्हणत त्यांनी ते बंद केलं. दुसरं फुकट निघालं, पण काम संपलं की फोटोवर आडवं स्वतःचं नाव छापायचं, तेही नेमकं बबनरावांच्या मिशीवर. मोबाइलवरच्या एका ॲपनं शालिकला हातही लावला नाही. उलट बबनरावांच्या सुरकुत्या घालवून ओठ गुलाबी करून दिले.

"लग्नाले उभे राह्यले का?" त्यांच्या बायकोनं, तानाबाईनं, चहा ठेवता ठेवता विचारलं.

शेवटी एक फुकटचं आणि बिनशिक्क्याचं सापडलं. त्यात मात्र इतकी बटणं, की कोणतं कशाचं हेच कळेना. भावाला पुसायला गेले, तर स्वतःचा कान गेला. कान परत आणायला गेले, तर कानाबरोबर शालिकही परत आला.

"हे शालिकच्या बाजूचं हाय!" त्यांनी माऊस आपटला.

तानाबाईनंच मग मोबाइलवर एका बाईचे व्हिडिओ लावून दिले. "हिचं आयका. आपल्या बोलीत सांगते."

बाईचा चेहरा दिसत नसे. पडद्यावर नुसता बाण फिरे आणि आवाज येई : "दादाहो, घाबरू नका. लेयर म्हंजे भाकरीवर ठेवली भाकरी. वरची उचलली तं खालची कुठी जात नाही. मूळ फोटो तसाच ठेवाचा, जे कराचं ते वरच्या भाकरीवर कराचं." आठ-पंधरा दिवसांच्या डोकेफोडीत जे शिरलं नव्हतं, ते त्या एका भाकरीनं शिरलं.

"बाई हुशार हाय," बबनराव म्हणाले. "नाही तं शालिकची बायको पाहा. इतकी वर्षं एका चुलीचं खाल्लं, माह्यापुढं, थोरल्या भासऱ्यापुढं, डोक्यावरचा पदर ढळला नाही, तोंडातून शब्द नाही. अन् मुक्यामुक्यानं घर फोडलं!"

"भासऱ्यापुढं कोन बोलते आपल्यात? तिचं आयकाचं होतं, तं तसं सांगाचं होतं तिले."

"मले कायले आयकाचं तिचं?"

"तेच तं," म्हणत तानाबाईनं रिकामा कप उचलला.

बाई सांगेल तसतसा शालिक कमी होत गेला. आधी टोपी गेली, मग हसरं तोंड, मग सदरा. पण ढाल घेताना त्यानं थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो काही जाईना. हात पुसला की खांदा जायचा. खांदा ठेवला की बोटं राहायची. मनगटापासून तुटलेला तो हात बबनरावांच्या खांद्यावर तसाच राहिला. फ्लेक्सवाल्याचे फोनावर फोन सुरू झाले. दसरा तोंडावर आला होता.

शेवटी त्यांनी व्हिडिओखाली दिलेल्या नंबरावर, नाव न सांगता, लिहिलं : "ताई, माणूस निघाला, हात निघत नाही."

ताई एरवी सगळ्यांना लगेच उत्तर द्यायची. या वेळी अख्खा दिवस गेला. मग दोन शब्द आले : "फोटो पाठवा."

त्यांनी मूळ फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. शालिक नव्हता, हातही नव्हता. खांद्यावर सदऱ्याची घडी अशी काही बसली होती, जसं तिथं कधी कोणी हात ठेवलाच नव्हता.

"फी सांगा, ताई," त्यांनी लिहिलं. उत्तर आलं नाही.

दसऱ्याला पाटी चढली. पेढे वाटले गेले. सोयरे जमले, सोबत स्टुडिओवालाही आला. मान वर करून तो बराच वेळ फोटो पाहत राहिला.

"सफाईचं काम हाय, बबनराव. कोनं केलं?"

"मी! घरी बसून शिकलो." एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण बक्षिसाची सवय लागलेला माणूस. "मास्तरीणच तशी भेटली. आवाज आयकसान तं..."

तेवढ्यात मोबाइल वाजला. ताईंचा आवाजी मेसेज! बबनरावांनी आवाज मोठा केला आणि मोबाइल चारचौघांत उंच धरला. मागं तानाबाईच्या हातातलं पेढ्याचं ताट थांबलं.

तोच भाकरीचा आवाज. फक्त 'दादाहो' नव्हतं.

"भाऊजी, मी राखी, भिंतीपल्याडची. तुमच्यापुढं कधी बोलली नाही, म्हनून तुमाले आवाज ओळखू आला नसन. फी राहू द्या. ज्यायचा हात तुमी माह्या हातानं पुसून घेतला, त्यायनंच आपल्या वाटणीची बैलजोडी इकून मले हा कम्प्युटर घेऊन देला."