इंजिनांचा डॉक्टर

जुनी, बंद पडलेली खेळण्यातली रेल्वे इंजिनं विकत घेऊन ती पुन्हा रुळावर धावती करण्यात तिच्या नवऱ्याचा हात कुणी धरू शकत नसे. हौशी लोकांच्या मंडळात त्याला 'इंजिनांचा डॉक्टर' म्हणत. तो गेला आणि महिन्याभरात मंडळाचे अध्यक्ष भेटायला आले. दोन वाक्यांत त्यांनी दुःख उरकलं आणि कपाटातलं सगळ्यात देखणं काळं इंजिन उचललं.

ती पाणी घेऊन आली तोवर त्यांनी ते रुळावर ठेवून बटण दाबलं होतं. इंजिन ढिम्म हललं नाही.

"मोटर जळालीय, वहिनी," अध्यक्ष हळहळले. "आता याला हात लावणारा उरलाय कोण? तुम्हाला उगाच अडगळ. मीच नेतो झालं, त्याची आठवण म्हणून. तुम्हाला बिचाऱ्यांना यातलं काय कळणार!"

तिनं इंजिन उलटं केलं, खालचं झाकण सरकवून आत पाहिलं आणि शांतपणे हात पुढे केला.

"भाऊजी, मोटरमधले कार्बनचे दोन तुकडे खिशातून काढून द्या. सकाळीच बसवलेत मी, आणि गेली वीस वर्षंही मीच बसवत होते. ह्यांना साधा स्क्रू दिसायचा नाही."