हिरवं बटण

"आत पाचच माणसं जाऊ शकतील," स्मशानगृहातला गोरा कर्मचारी हलक्या आवाजात म्हणाला. "भट्टीचं बटण कोण दाबणार?"

"माझा थोरला मुलगा," सरवणसिंगांनी सांगितलं. गेलेल्या नसीब कौरचे ते थोरले दीर. पाच पुरुष निवडून त्यांनी आधीच दाराशी उभे केले होते. इंग्लंडमधल्या वुल्वरहॅम्प्टनच्या पंजाबी घरांत असंच चालत आलेलं. अरदासीची प्रार्थना संपली की पुरुष शवपेटीमागे भट्टीच्या खोलीत जायचे आणि बायका ओढण्या सारख्या करत बाकांवरच थांबायच्या. सरवणसिंगांची बायको जगीर कौरही लेकीशेजारी मान खाली घालून बसली होती.

नसीबची एकुलती मुलगी परमजोत उठली. "तायाजी, आईला मी निरोप देणार."

"पुत्तर, ते मुलींचं काम नाही. बस खाली."

परमजोत बसली नाही, पण तिचं पाऊलही पुढे पडेना.

मागून काठीचा आवाज आला. बचिंत कौर येत होत्या. घरच्यांच्या मारातून सुटलेल्या बायकांसाठी त्या शहरात एक घर चालवत. नसीब शेवटपर्यंत त्याच घरात राहिली होती. बचिंत कौरांचे गुडघे दुखत असत, त्यामुळे त्यांना पुढे पोचायला वेळ लागला.

"आल्या!" सरवणसिंग म्हणाले. "बीबी, लोकांची घरं मोडून झाली, आता मयतातही ढवळाढवळ?"

"भाईजी, नसीब अंगावर वळ घेऊन तुमच्या दाराशी आली होती, तेव्हा तुम्ही तिला आत घेतलं नाहीत. आज तिच्याबरोबर आत जायची एवढी घाई का?"

दाराशी उभ्या पाचांपैकी एकाने नजर वळवली.

"अशा वेळी मुलगाच लागतो. रीत आहे ती."

"लाकडं फोडायची आहेत का? एक बटण तर दाबायचं. नसीबनं कारखान्यात जन्मभर बटणंच दाबली. पगार तुमच्या घरात येत होता, तेव्हा नाही आठवली रीत?"

बायकांच्या बाकांवर कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकलं.

बचिंत कौर परमजोतकडे वळल्या. "चल."

"बीजी, मला जमेल?"

"जमेल. मी हात धरणार नाही हं तुझा. तुझं तूच दाबायचंस. सावकाश."

परमजोत दाराकडे निघाली. नजर वळवलेला माणूस बाजूला झाला. मग त्याच्या शेजारचा. शेवटी सरवणसिंगांचा मुलगाही सरकला. वडिलांकडे न बघता.

बचिंत कौर उंबऱ्यापाशीच थांबल्या. काठी दाराला टेकवून त्यांनी ते उघडं धरलं.

परमजोतने हिरव्या बटणावर अंगठा ठेवला. लोखंडी झडप वर गेली, आगीचा घुमारा बाहेरपर्यंत आला, पेटी आत सरकली. ती "वाहेगुरू" म्हणाली, तेवढंच.

मागे वळली तर दाराशी बायका उभ्या. बाकं रिकामी. सर्वांत पुढे जगीर कौर, लेकीचं मनगट घट्ट धरून.

"तू कुठे निघालीस?" सरवणसिंग ओरडले. "तुला दोन मुलगे आहेत!"

"असू देत की," जगीर कौर म्हणाली आणि तिने लेकीला दारातून आत ढकललं. "नीट बघून ठेव गं. ते हिरवं."