बाळंतिणीची खोली

"थांबा आजी, झाडू ठेवा खाली!" नातसून ओरडली. पाळण्यामागच्या भिंतीवरची काळी बुरशी झाडायला निघालेल्या यमुनाबाईंचा हात तसाच राहिला.

"अगं, दोन मिनिटांत झाडून काढते. आम्ही हेच करायचो."

"कोरडं झाडलं की ती उडून बाळाच्या छातीत जाते, डॉक्टरांनी बजावलंय. आधी बाळाला बाहेर न्यायचं, खिडकी उघडायची, तोंडाला फडकं बांधून साबणाच्या पाण्यानं पुसायचं. या ओलीनंच तर महिनाभर घरघरतोय हा." बाळाला उचलून ती बाहेर गेली.

यमुनाबाई खाटेवर बसल्या. त्रेपन्न वर्षांपूर्वी त्यांचं पहिलं मूल असंच घरघरत अडीच महिन्यांत गेलं होतं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या, आणि पाळण्यावरची ओली, काळवंडलेली भिंत त्या स्वतः रोज केरसुणीनं झाडायच्या.

मूल गेलं तेव्हा त्यांनी बोट दाखवलं ते धाकट्या जावेकडे. वांझेची दृष्ट लागली, असं चारचौघांत म्हणाल्या. त्यानंतर घरातल्या एकाही बारशाला तिला बोलावणं गेलं नाही. मागच्या वर्षी ती वारली, तेव्हाही यमुनाबाई तिच्या दाराशी गेल्या नाहीत.

"आजी, या बाहेर," नातसुनेनं हाक मारली. तिनं तोंडाला ओढणी बांधली होती. "बाळाला धरा, मी भिंत पुसते."

यमुनाबाई उंबऱ्याशी आल्या, पण त्यांनी हात पुढे केले नाहीत.

"माझ्याकडे नको देऊस गं," त्या म्हणाल्या.