अडतीसची झडप

दाबाची सुई पॉइंट आठवर थांबायला हवी होती. थांबली नाही.

रोलरवर पट्ट्यांनी बांधलेली लाल गाडी जागच्या जागी धावत होती. आत किरियाकी. बाहेर संगणकाच्या पडद्यासमोर गॅरेजवाला अनेस्तिस, आणि त्याच्या मागे हाताची घडी घालून किरियाकीचा बाप, प्रोद्रोमोस. एरवी तो इथे फिरकत नसे. आज टर्बोचा दाब मोजायचा आहे म्हटल्यावर काम अर्धं टाकून आला होता. इंजिनाचा आवाज चढला तशी सुई पॉइंट नऊवर गेली, एकवर गेली, आणि कुणाची परवानगी न घेता एक पॉइंट तीनवर. अनेस्तिसने हात आडवा केला. इंजिन उतरलं.

“सेन्सर गेला असेल,” प्रोद्रोमोस म्हणाला.

“सेन्सर मागच्या महिन्यात मी घातलाय.”

अनेस्तिस टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. टर्बोकडे जाणारा जास्तीचा धूर ज्या झडपेतून बाजूला सोडतात, ती त्याने बसवलेली नव्हती. त्याने चव्वेचाळीस मिलिमीटरची बसवली होती. ही अडतीसची होती, आणि तिच्याखाली पाइपाला नवा जोड होता. जोड सुबक होता. असा जोड अख्ख्या कोझानी शहरात एकच माणूस घालायचा, आणि तो लोकांच्या घरी बॉयलर बसवायचा.

“उस्ताद,” अनेस्तिस न वळता म्हणाला, “हे तुझं काम.”

प्रोद्रोमोसने नाही म्हटलं नाही. “स्प्रिंग तुझ्यासारखी पॉइंट आठचीच टाकली. झडप तेवढी लहान घेतली. मोठ्या झडपा त्या सहाशे घोड्यांच्या गाड्यांना असतात, बघतो ना मी शर्यतीला. लहान लावली की गाडी जरा गरीब होईल, म्हटलं.”

“गरीब.”

“शर्यतीच्या त्या चढाला कठडा नाही, अनेस्तिस. आणि तिथे तुझी मुलगी जात नाही.”

अनेस्तिस सरळ झाला. हात पुसायला त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला.

“त्यांची इंजिनंच बैलाएवढी, म्हणून झडप मोठी. तुला दाब कमी हवाय ना? मग धूर जास्त बाहेर काढायला हवा. जास्त धुराला दार मोठं लागतं. तुझ्या दारातून मावेल तेवढा गेला, उरलेला टर्बोला आणखी जोरात फिरवतोय. दार सताड उघडं आहे आणि दाब चढतोय.”

“स्प्रिंग पॉइंट आठची आहे,” प्रोद्रोमोस पुन्हा म्हणाला.

“स्प्रिंग दार कधी उघडायचं ते सांगते. केवढं, ते नाही सांगत. बॉयलरची जादा दाब सोडायची झडप तू लहान लावशील? म्हातारी घरात एकटी असते, जपून असावं म्हणून?”

“ते पाणी असतं.”

“हो. पाणी असतं.”

प्रोद्रोमोस आपल्या जोडाकडे बघत राहिला. त्यात काही खोट सापडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

किरियाकी कानातले बोळे काढत उतरून आली.

“किती गेलं?”

“एक पॉइंट तीन,” अनेस्तिस म्हणाला. “थांबवलं नसतं तर पुढेही गेलं असतं.”

“गेल्या रविवारी सरावाला असंच झालं, काका. सहाव्या वळणानंतर मागून कुणी ढकलावं तशी गाडी सुटली.”

“आणि तू सुई बघितली नाहीस?” प्रोद्रोमोसने विचारलं.

“वळणावर सुई कोण बघतं, बाबा?”

“मग घरी येऊन सांगायचं होतंस.”

“काय सांगायचं? त्याआधी दोन संध्याकाळी तू गाडीखाली होतास. गॅस्केट बदलतोय म्हणालास. गॅस्केट बदलायला कुणी आतून कडी लावून बसतं का? मला वाटलं, दाब तूच वाढवलास. मला न सांगता.” ती हसायला लागली होती. दोघांची तोंडं बघून थांबली.

शर्यत परवावर आली होती. अनेस्तिसने थंड कॉफीचा ग्लास बाकावर ठेवला, फळीवरून एक खोकं काढलं आणि उघडलं. आत पन्नासची झडप होती, चांगली जड.

“आज बसली तर उद्या परत रोलरवर घेऊ. तुझा जोड कापावा लागेल, उस्ताद.”

“मीच कापतो.”

प्रोद्रोमोसने हातमोजे चढवले, ग्राइंडर उचलला. अनेस्तिसने खोक्याच्या तळातून दोन स्प्रिंगा काढून बाकावर ठेवल्या. एक निळी, एक पिवळी.

“निळी पॉइंट आठ. पिवळी एक पॉइंट दोन. ही झडप दोन्ही पाळेल, जिथे सांगाल तिथे थांबेल. कोणती टाकू?”

त्याने कुणाकडेच बघून विचारलं नव्हतं. प्रोद्रोमोस हातात ग्राइंडर धरून उभा राहिला, बटण न दाबता. बावीस वर्षं या मुलीच्या बाबतीत कुणी विचारायच्या आत त्याचं उत्तर तयार असायचं.

किरियाकीने निळी उचलली.

“ती?” प्रोद्रोमोस म्हणाला. “का? घाबरलीस?”

“रविवारी घाबरले होते,” ती म्हणाली. “पण वाटलं, हा जोर तूच दिलायस. म्हणून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला नाही.”