दुर्बिणीतली सुलटी बाई

इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं पुलाची मोजणी शिकायला धुळ्याला, पांझरेच्या काठी आली होती. त्यांत दोंडाईचाचा सत्तार होता. सकाळच्या उन्हात त्याने मोजणीच्या दुर्बिणीला डोळा लावला. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे, खाली आभाळ आणि वर नदी. आता त्याला त्याची सवय झाली होती. पलीकडच्या काठावर आकड्यांची उंच पट्टी धरून उभा असलेला मजूर चिंधा, तोही डोकं खाली, पाय वर असाच दिसत होता.

त्याच्या शेजारी एक बाई मात्र सुलटी उभी होती.

सत्तारने डोळा काढून पाहिलं. काठावर चिंधा एकटाच होता. पुन्हा डोळा लावला, तर बाई चिंधाला अगदी खेटून उभी.

"चिंधाभाऊ, तुमना जोडे कोन शे?" त्याने हाक दिली.

"कोनी नही. मी एकलाच शे."

"दुर्बिनमा एक बाई दिसी ऱ्हायनी."

चिंधाने वळून पाहिलं नाही. त्याने विचारलं, "तिना डोकावर पाटी शे का?"

"शे."

"पूल बांधाना कामवर व्हती ती. पाटीसंगे नदीमा वाही गयी," चिंधा म्हणाला.

"पट्टी सोडा अन् आठे या," सत्तार ओरडला.

दुर्बिणीत चिंधाने पट्टी सोडली. बाई पुढे आणि तो मागे, असे दोघं नदीतून सत्तारकडे येऊ लागले. आता चिंधाही सुलटा दिसत होता.

सत्तारने डोळा काढला. नदीत कोणी नव्हतं. पलीकडच्या काठावर पट्टी तेवढी सरळ उभी होती.