गिबीच्या बागेतला लालगळ्या

बोट धक्क्याला लागली तरी मार्जरी पेनफोल्डला उठावंसं वाटेना. यॉर्कहून आगगाडी, ॲबर्डीनहून रात्रभराचं जहाज आणि वर ही हेलकावे खाणारी छोटी बोट. गुडघा ठणकत होता. पोटात नुसता चहा, आणि तोही टिकेल याची खात्री नव्हती.

“उठा मार्जरी,” लिव्हरपूलचा डेक्लन दुर्बीण गळ्यात अडकवत म्हणाला. “लालगळ्या काही तुम्हाला घ्यायला धक्क्यावर यायचा नाही.”

“का नाही? मी त्याच्यासाठी इथवर आलेच की.”

आदल्या दिवशी सकाळी गिबी आयसबिस्टरचा फोन आला होता. शेटलंडच्या या टोकाच्या बेटावर त्याचा सगळा जन्म गेला होता. तरुणपणी मार्जरी इथे आली, तेव्हा तिला पक्षी ओळखायला यानेच शिकवलं होतं.

“घरामागच्या गुलाबांत आहे,” तो म्हणाला होता. “नर. गळा निखाऱ्यासारखा.” मग थोडं थांबून, “लगेच निघ. उशीर करू नकोस.”

लालगळ्या चिमणीएवढा, सायबेरियातला. ऑक्टोबरात एखादा वाट चुकून इकडे येतो आणि झुडपाच्या बुडाशी दडून बसतो. मार्जरी त्याच्यासाठी पूर्वी खूप धावली होती. दर वेळी ती पोचायच्या आत तो उडालेला असे. अलीकडे तिने ही धावपळ सोडून दिली होती. तरी फोन ठेवल्या ठेवल्या तिने पिशवी भरली, आणि भरता भरता ओळखीच्या सगळ्यांना कळवून टाकलं. असा पक्षी एकटीने बघणं तिला जमलंच नसतं.

म्हणून बोट भरून माणसं आली होती.

गिबी फाटकाशी उभा होता. स्वच्छ दाढी केलेला, अंगात इस्त्रीचा सदरा. मार्जरीला पाहून तो हसला. मग तिच्यामागून चढण चढत येणारी रांग त्याला दिसली.

“एवढे सगळे?”

“मग? तुझा पक्षी म्हटल्यावर कोण घरी बसेल?”

“सकाळपासून दिसला नाही तो,” गिबी घाईघाईने म्हणाला.

“दिसेल. थांबू आम्ही.”

दगडी भिंतीला लागून सगळे उभे राहिले. वारा कानाचे लचके तोडत होता. गुलाबाच्या जाळीत पानं फारशी उरली नव्हती, नुसती लाल फळं हलत होती. एकदा खाली काहीतरी सळसळलं. सगळ्या दुर्बिणी वर गेल्या. रॉबिन निघाला, तिथला नेहमीचा तांबड्या छातीचा पक्षी. दुर्बिणी खाली आल्या.

दुपार कलली तशी कुरकुर सुरू झाली.

“म्हाताऱ्याने रॉबिनच बघितला असणार,” डेक्लन म्हणाला. “छाती तांबडी काय, गळा लाल काय, या वयात सगळं सारखंच.”

दोघंतिघं हसले.

“बायको गेल्यापासून जरा बिघडलंय म्हणे त्याचं,” कुणीतरी म्हणालं.

“मी पोरीचा वाढदिवस टाकून आलोय,” त्याच्या शेजारचा जाडगेला माणूस म्हणाला. “खोटं निघू दे, सगळीकडे सांगतो की नाही बघा.”

त्याने सांगितलं असतं. या मंडळींत सगळं काही माफ असे, खोटा पक्षी नसे. खोटा पक्षी सांगितलेला एक माणूस मार्जरीच्या माहितीतला होता. पुढे तो दिसला की लोक दुर्बिणी आवरून चालू लागत.

गिबी चहाची किटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. आयुष्यात त्याचा एकही पक्षी चुकीचा ठरला नव्हता.

मार्जरीने दुर्बीण डोळ्यांना लावली.

“आहे!” ती एकदम म्हणाली. “भिंतीच्या कडेला, खाली. नर आहे. गेला आत!”

एकच धांदल उडाली. “कुठं, कुठं?” करत माणसं एकमेकांवर रेलली.

“दिसला!” डेक्लन ओरडला. “गळा काय पेटलाय!”

“मला शेपटी दिसली,” जाडगेला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

कुणी मार्जरीचा हात दाबला, कुणी गिबीच्या पाठीवर थाप मारली. डेक्लनने तर टोपी काढून त्याची माफी मागितली. गिबी मात्र किटली हातात धरून तसाच उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

परतीच्या बोटीची वेळ झाली.

“चला मार्जरी,” डेक्लन म्हणाला.

“तुम्ही व्हा पुढे. हा गुडघा घेऊन आज पुन्हा बोटीत बसले, तर मला तिकडेच बुडवा.”

माणसं गेली. घर एकदम शांत झालं. स्वयंपाकघरात खारवलेल्या मटणाचं सूप रटरटत होतं. गिबीने इनाची, त्याच्या बायकोची, खुर्ची ओढून मार्जरीला दिली आणि तिच्यासमोर वाडगं ठेवलं.

“गिबी,” मार्जरी म्हणाली, “मला काही दिसलं नाही रे. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले. पण तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलास, आणि ते तुला खोटा म्हणायला निघाले होते. ते ऐकवेना मला.”

गिबी सूप ढवळत राहिला.

“मला वाटलं, तू एकटीच येशील,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“पक्षी नव्हताच, मार्जरी. नुसतं ‘ये’ म्हणालो असतो, तर आली असतीस?”